अकरा जणांत जागा
(लेखमाला : मैदान आणि माणसं – लेखांक सातवा)

30 एप्रिल 2024. लखनऊच्या एकाना स्टेडियमवर मुंबई इंडियन्सचा डाव 144 धावांवर थांबला होता. पाठलागासाठी कर्णधार के. एल. राहुलबरोबर सलामीला उतरला सोलापूरचा एकोणीस वर्षांचा अर्शीन कुलकर्णी. आयपीएलमधला त्याचा हा पहिलाच सामना. समोर होता श्रीलंकेचा नुवान तुषारा, मलिंगासारखा हात आडवा नेऊन चेंडू सोडणारा. त्याने अर्शीनला टाकलेला पहिलाच चेंडू पॅडवर आदळला. पायचीत, शून्य.

पाच दिवसांनी पुन्हा संधी मिळाली, या वेळी कोलकाता नाइट रायडर्सविरुद्ध. सात चेंडूंत 9 धावा झाल्या होत्या. मिचेल स्टार्कच्या चेंडूवर मारलेला फटका उंच उडाला आणि रमणदीप सिंगने चेंडूकडे पाठ करून मागे धावत जाऊन तो झेल घेतला. त्या मोसमातल्या सर्वांत गाजलेल्या झेलांपैकी तो एक. झेल सगळ्यांच्या लक्षात राहिला, बाद झालेला फलंदाज फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. लखनऊ सुपर जायंट्स त्या मोसमात 14 सामने खेळली, अर्शीन दोन. दोन महिन्यांच्या स्पर्धेत फलंदाज म्हणून त्याच्या वाट्याला आठ चेंडू आले.

निवड चाचणी पार केली, यादीत नाव आलं, वर्तमानपत्रात फोटो छापून आला, म्हणजे खेळाडू पोहोचला असं घरच्यांना आणि गावाला वाटतं. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. यादीतलं नाव आणि मैदानावरचा खेळ यांत मोठं अंतर असतं, आणि होतकरू खेळाडूची उमेदीची वर्षं बहुतेकदा याच अंतरात निघून जातात.

बास्केटबॉलमध्ये याचा हिशोब सरळ मांडता येतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना 40 मिनिटांचा असतो आणि एका वेळी पाच जण खेळतात. म्हणजे प्रशिक्षकाच्या हातात वाटायला 200 मिनिटं, आणि ती वाटायची बारा जणांत. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतो. त्यामुळे सामना हातात आला असेल तर अठरा वर्षांच्या पोराला शेवटची चार मिनिटं देऊन बघता येतं. तरीही तिथे बाकावर बसणं चुकत नाही. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2015 मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये 52 व्या क्रमांकावर निवडला गेला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय होता. डॅलस मॅव्हरिक्सने निवडलेल्या या सात फुटी खेळाडूला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. दुय्यम लीगमध्येही तो मोजकंच खेळला, आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

क्रिकेटमध्ये तर चार मिनिटांचीही सोय नाही. अकरात आहात किंवा नाही, एवढंच. अकरात असूनही फलंदाजी सातव्या क्रमांकावर आणि गोलंदाजी एक षटक, असंही होतं. आयपीएलच्या संघात 25 पर्यंत खेळाडू असतात. 2023 पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’, म्हणजे सामन्याच्या मध्येच उतरवता येणारा बदली खेळाडू आला आणि अकराचे बारा झाले. वरवर पाहता यात तरुणांचा फायदा दिसतो. पण अर्शीनसारख्या, वरच्या फळीत फलंदाजी आणि मध्यमगती गोलंदाजी करणाऱ्या खेळाडूला हा नियम जड जातो. फलंदाजीला एक अस्सल फलंदाज आणि गोलंदाजीला एक अस्सल गोलंदाज अदलाबदलीने खेळवता येत असेल, तर दोन्ही थोडंथोडं करणारा हवा कशाला? रोहित शर्माने एप्रिल 2024 मध्ये जाहीरपणे या नियमाविषयी नापसंती व्यक्त केली होती. शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर यांना गोलंदाजीच मिळत नाही, हे त्याचं म्हणणं होतं. भारतीय संघात बसणाऱ्यांची ही अवस्था असेल, तर सोलापूरहून आलेल्या नवख्याचं काय?

आणि हा नवखा काही वशिल्याने आलेला नव्हता. जून 2023 मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला. ईगल नाशिक टायटन्सकडून खेळताना पुणेरी बाप्पाविरुद्ध अर्शीनने 54 चेंडूंत 117 धावा केल्या, त्यात 13 षटकार होते. त्याच सामन्यात त्याने चार बळीही घेतले आणि नाशिकने तो सामना एका धावेने जिंकला. डिसेंबरमध्ये एकोणीस वर्षांखालील आशिया चषकात अफगाणिस्तानविरुद्ध तीन बळी आणि नाबाद 70. त्याच महिन्यात लखनऊने त्याला 20 लाखांच्या मूळ किमतीला घेतलं. जानेवारी 2024 मध्ये युवा विश्वचषकात ब्लूमफाँटेनला अमेरिकेविरुद्ध 108. याच जानेवारीत सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्क मैदानावर, महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला. तेव्हा सोलापूरचा हा मुलगा दक्षिण आफ्रिकेत भारताकडून खेळत होता.

फेब्रुवारीत युवा विश्वचषकाची अंतिम लढत, आणि एप्रिलअखेर तुषाराचा पहिला चेंडू. मधल्या काळात सराव भरपूर झाला, पण सराव आणि सामना यांत फरक आहे. नेटमध्ये फलंदाजाला ठरावीक वेळ मिळतो. त्या वेळात तीन-चार गोलंदाज आळीपाळीने चेंडू टाकतात, आणि बाद झाला तरी तो तिथेच उभा राहून पुढचा चेंडू खेळतो. तिथे पॉइंटला क्षेत्ररक्षक नसतो, म्हणून मोकळी जागा शोधावी लागत नाही. सलग पाच चेंडू निर्धाव गेल्यावर पोटात जो गोळा येतो, तो नेटमध्ये येत नाही. दुसऱ्या टोकाच्या जोडीदाराची हाक ऐकून धाव घ्यायची की नाही, हे अर्ध्या क्षणात ठरवावं लागत नाही. या गोष्टी कोणताही प्रशिक्षक सांगून शिकवू शकत नाही, त्यासाठी सामनेच खेळावे लागतात.

अर्शीनला ते सामने राज्याच्या संघाने दिले. 11 जानेवारी 2025 रोजी विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, वडोदऱ्याला पंजाबविरुद्ध, त्याने 107 धावा केल्या. त्यासाठी तो 137 चेंडू खेळला. आठ महिन्यांपूर्वी आयपीएलमध्ये आठ चेंडूंत आटोपलेला मुलगा इथे दोन तासांहून अधिक वेळ उभा राहिला. सुरुवातीचा कठीण काळ त्याने काढला आणि महाराष्ट्राने 70 धावांनी सामना जिंकला. पुढेही वाट सरळ नव्हती. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने पृथ्वी शॉबरोबर 305 धावांची सलामी देत 186 धावा केल्या. लगेच झालेल्या केरळविरुद्धच्या पहिल्या रणजी सामन्यात महाराष्ट्राची अवस्था शून्यावर तीन बाद अशी झाली, आणि त्या तिघांत अर्शीनही होता. विशीतल्या खेळाडूचा आलेख असाच वर-खाली होत असतो. महत्त्वाचं हे, की शून्यानंतरही पुढचा डाव मिळतो की नाही. राज्याच्या संघात तो मिळतो, आयपीएलमध्ये बहुधा मिळत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका खेळाडूची वाट याहून खडतर होती.

किरण नवगिरे मिरे गावची, शेतकऱ्याची मुलगी. भालाफेक, गोळाफेक, रिले हे तिचे पहिले खेळ. 2011 चा विश्वचषक आणि महेंद्रसिंग धोनीचा तो शेवटचा षटकार पाहून क्रिकेटची ओढ लागलेली. गावात मुलांबरोबर खेळली, पुढे शिक्षणासाठी पुण्याला आली आणि तिथे आझम स्पोर्ट्स अकॅडमीत लेदर बॉलचं क्रिकेट शिकली. भालाफेकीने खांद्यात आणि कमरेत आलेली ताकद बॅटमध्ये उतरली. चेंडू तिच्याइतका लांब मारणाऱ्या बाया देशात थोड्या.

पण महाराष्ट्राच्या संघात त्या काळी स्मृती मानधना, देविका वैद्य, तेजल हसबनीस अशी फलंदाजांची रांग होती. त्यात कोरोनामुळे 2020-21 च्या मोसमात महिलांची देशांतर्गत ट्वेंटी-20 स्पर्धाच झाली नाही. जिची सगळी ताकद वीस षटकांच्या खेळात, तिच्या वाट्याला तो खेळच नाही. वय पंचविशीच्या पुढे. अशा वेळी किरणने 2021-22 च्या मोसमासाठी नागालँडचा रस्ता धरला.

त्या राज्याच्या क्रिकेटची तेव्हाची स्थिती समजून घ्यायला हवी. नोव्हेंबर 2017 मध्ये नागालँडचा एकोणीस वर्षांखालील मुलींचा संघ केरळविरुद्ध दोन धावांत सर्वबाद झाला होता. त्यातली एक धाव वाइडची. लोढा समितीच्या शिफारशींनंतर 2018-19 पासून ईशान्येकडची राज्यं वरिष्ठ स्पर्धांत नियमित खेळू लागली. अनुभव कमी, म्हणून त्यांना बाहेरचे पाहुणे खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. हेतू होता त्या संघांना आधार देण्याचा. त्याचबरोबर मोठ्या राज्यांत जागा न मिळालेल्यांनाही एक दार उघडलं.

किरण त्या दारातून आत गेली. एप्रिल 2022 मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिने 76 चेंडूंत नाबाद 162 धावा केल्या. ट्वेंटी-20 सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय, पुरुषांसह. गोलंदाजी दुबळी होती, असं लगेच म्हटलं गेलं. ते खरंही होतं. पण त्या धावांमुळे निवड समितीची नजर तिच्याकडे वळली, आणि 26 मे 2022 रोजी गहुंजेला महिलांच्या ट्वेंटी-20 चॅलेंजमध्ये व्हेलॉसिटीकडून ती ट्रेलब्लेझर्सविरुद्ध मैदानात उतरली. पहिलाच चेंडू षटकार. 25 चेंडूंत अर्धशतक, त्या स्पर्धेतलं सर्वांत जलद. 34 चेंडूंत 69. सामना व्हेलॉसिटीने गमावला, पण अंतिम फेरीसाठी लागणारी धावगती याच खेळीने राखली. पुण्यात राहून जी संधी तिला मिळत नव्हती, ती नागालँडला जाऊन पुण्याच्याच वेशीवर मिळाली.

10 सप्टेंबर 2022 रोजी इंग्लंडमध्ये चेस्टर-ली-स्ट्रीटला तिने भारताकडून पदार्पण केलं, अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर. ऑक्टोबरमध्ये आशिया चषक जिंकणाऱ्या संघातही ती होती. सहा सामने, एकूण 17 धावा, सर्वोच्च नाबाद 10. मग संघाबाहेर. आकडे वाईट आहेत, यात वाद नाही. पण खालच्या क्रमांकावर येऊन पहिल्या चेंडूपासून मोठे फटके मारायचे, हे काम क्रिकेटमध्ये सर्वांत जुगारी. त्यात यश-अपयशाचा अंदाज यायला सहा सामने फार कमी पडतात.

महिला प्रीमियर लीगने तिला पुन्हा उभं केलं. 5 मार्च 2023 रोजी यूपी वॉरियर्झकडून गुजरातविरुद्ध 43 चेंडूंत 53. त्या दिवशी तिच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचं नाव नव्हतं, हाताने धोनीचं ‘एमएसडी 07’ लिहिलेलं होतं. पुढच्या वर्षी मुंबईविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना वृंदा दिनेशला दुखापत झाली आणि किरणला सलामीला पाठवलं गेलं. तिने 31 चेंडूंत 57 केल्या आणि गतविजेत्या मुंबईला यूपीने सात गडी राखून हरवलं. क्रमांक बदलला आणि खेळाडूच वेगळी दिसू लागली. कुणाला संधी दिली म्हणताना ती कोणत्या क्रमांकावर, किती चेंडू बाकी असताना दिली, हेही पाहायला हवं.

किरण पुढे महाराष्ट्राकडे परतली. 17 ऑक्टोबर 2025 रोजी नागपूरला पंजाबने 110 धावा केल्या होत्या. किरणने 34 चेंडूंत शतक पूर्ण केलं, 35 चेंडूंत नाबाद 106, चौदा चौकार आणि सात षटकार. महिलांच्या ट्वेंटी-20 क्रिकेटमधलं हे जगातलं सर्वांत जलद शतक. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाईनचा, 36 चेंडूंचा. आठ षटकांत सामना संपला.

युरोपातल्या फुटबॉलने या अडचणीवर फार पूर्वी तोड काढली आहे. तिथले क्लब तरुण खेळाडूला बाकावर सडू देत नाहीत, खालच्या क्लबकडे मोसमापुरता देऊन टाकतात. इंग्लंडचा हॅरी केन टॉटनहॅमच्या पहिल्या संघात स्थिरावण्याआधी लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर अशा चार ठिकाणी जाऊन खेळला. आयपीएलमध्येही मोसमाच्या मध्यावर खेळाडू उसना देण्याची तरतूद केली गेली, पण ती रुजली नाही. किरणने नागालँडला जाऊन केलं ते याच जातीचं होतं. मात्र केनसाठी ती व्यवस्था क्लबने केली होती, किरणला निर्णय स्वतः घ्यावा लागला.

सोलापूरच्या मुलामुलींना गाव सोडावं लागतं, हे जुनंच आहे. न्यूझीलंडविरुद्ध 1955 मध्ये हैदराबादला भारताचं पहिलं कसोटी द्विशतक ठोकणाऱ्या पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, पण त्यांचं क्रिकेट घडलं मुंबईत. आज पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे, तिथे अकादम्या आहेत, चांगल्या खेळपट्ट्या आहेत. तिथे जाण्यात गैर काही नाही. मात्र पुण्याच्या मोठ्या क्लबच्या यादीत पंचविसावं नाव होण्यापेक्षा जिल्ह्याच्या संघात तिसऱ्या क्रमांकावर वर्षभर खेळणं सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी कितीतरी मोलाचं आहे.

म्हणून सोलापूरच्या पालकांना एक विनंती. मुलाचं नाव अकादमीत घालताना फी, नेटची संख्या, प्रशिक्षकाचं नाव विचारता, ते विचाराच. त्याबरोबर हेही विचारा, की गेल्या मोसमात या वयोगटातली मुलं प्रत्यक्ष किती सामने खेळली आणि त्यातल्या किती सामन्यांत प्रत्येकाला फलंदाजी किंवा गोलंदाजी मिळाली. धावपुस्तिका दाखवायला सांगा. ज्या अकादमीकडे ती नीट ठेवलेली असेल, तिथेच नाव घाला. जिल्ह्यातल्या स्पर्धा भरवणाऱ्यांनीही बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीने सामने घ्यावेत, म्हणजे पहिल्याच दिवशी हरलेल्या संघातल्या अकरा मुलांचा मोसम तिथेच संपणार नाही.

(पुढील लेखांकात : जिल्हा संघ निवडताना काय पाहिलं जातं?)