कोरिया, चार्ल्स

कोरिया, चार्ल्स : (१ सप्टेंबर १९३०–१६ जून २०१५). आधुनिक भारतीय वास्तुशिल्पज्ञ व नगररचनाकार. जन्म सिकंदराबाद येथे. घराणे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयानंतर मिशिगन विद्यापीठ (१९५३) व मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९५५) येथून त्यांनी वास्तुकलेच्या पदव्या मिळविल्या. १९५८ पासून मुंबईत स्वतंत्र व्यवसाय. अहमदाबादच्या गांधी स्मारक संग्रहालयाने (१९६३) त्यांना ख्याती लाभली. तथापि त्यांच्या विचाराचे मर्म निवासी वास्तूंत अधिक स्पष्ट होते.

उष्ण प्रदेशात यंत्रांऐवजी घराच्या रचनेनेच गारवा साधावा, ही त्यांची मूळ धारणा. अहमदाबाद येथील ‘ट्यूब हाउस’ (१९६१–६२) हे अल्प खर्चाचे घर जेमतेम ३·६ मी. रुंद होते. त्यात तापलेली हवा उतरत्या छताच्या कडेने वर चढून माथ्यावरील झरोक्यातून बाहेर पडे व दाराजवळच्या फिरत्या झडपांतून ताजी हवा आत येई. (हे घर आज अस्तित्वात नाही.) तेथीलच पारेख निवासात (१९६६–६८) उन्हाळी दुपारींसाठी वर निमुळता होत जाणारा बंदिस्त भाग, तर हिवाळ्यासाठी व सायंकाळसाठी आकाशाकडे खुला होणारा भाग अशी विभागणी आहे.

मुंबईत प्रश्न निराळा होता. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन व पावसाचा माराही तिकडूनच होतो. जुन्या बंगल्यांनी त्यावर व्हरांड्याचा उपाय योजिला होता. कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’ (१९७०–८३) या ८४ मी. उंच इमारतीत कोरियांनी तोच उपाय दोन मजले उंचीच्या कोपऱ्यातील गच्च्यांच्या रूपाने उंचावर नेला. या ३२ सदनिका अर्थातच धनिकांसाठी होत्या.

प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी नवी मुंबईची कल्पना मांडली (१९६४–६५) आणि १९७०–७५ या काळात सिडकोचे प्रमुख वास्तुशिल्पज्ञ म्हणून काम केले. बेलापूरच्या वसाहतीत (१९८३–८६) सात-सात घरे सुमारे ८ मी. चौरस अंगणाभोवती मांडलेली आहेत. भूखंड ४५ ते ७५ चौ. मी. एवढेच, म्हणजे अतिगरीब व सुस्थित कुटुंबांच्या जमिनीत फारसा भेद नाही. शेजाऱ्यांच्या भिंती सामायिक नसल्याने प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे घर वाढविता येते. पुढे अनेक रहिवाशांनी मूळ घरे पाडून तेथे बहुमजली काँक्रीटची घरे बांधली. अंगणांची मांडणी मात्र बरीचशी टिकून आहे.

कोरियांना पद्मश्री (१९७२), ब्रिटनच्या राजवास्तुशिल्पज्ञ संस्थेचे सुवर्णपदक (१९८४) व पद्मविभूषण (२००६) हे सन्मान लाभले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.