आषाढातलं दीव

सुरतेतल्या मराठी माणसाला विचारा, दीवला किती वेळा गेलास? बोटं पुरत नाहीत. तिथे काय पाहिलंस म्हणाल, तर नागोआ बीच, हॉटेलची गच्ची आणि परतताना चेकपोस्टवरची झडती. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. तेवढ्या कारणावर थर्टीफर्स्टला आणि दिवाळीत बसगाड्या भरून जातात. मीही त्यातलाच. यंदा मात्र मुद्दाम आषाढात गेलो आणि पाच दिवस राहिलो.

या दिवसांत दीवला जाणं म्हणजे वेडेपणाच, असं शेजाऱ्यांचं मत पडलं. त्यांचं फारसं चुकत नाही. समुद्र गढूळ नि खवळलेला, पाण्यात उतरायला बंदी, पॅराशूट-स्कूटर सगळं गुंडाळून ठेवलेलं. खोलीचं भाडं मात्र निम्म्यावर, आणि बोलायला माणसांना वेळ. हिवाळ्यात हॉटेलवाला तुमच्याकडे मान वर करून बघत नाही.

वाटेबद्दल थोडं. खंभातच्या आखाताला वळसा घालून रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करायची, हा जुना मार्ग. 8 नोव्हेंबर 2020 ला हजिरा ते घोघा अशी रो-पॅक्स फेरी सुरू झाली. गाडीसकट चढा, चारेक तासांत आखात पार. पावसाळ्यात हवा बिघडली की फेरी रद्द होते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. आणि घोघ्याला उतरलो म्हणजे दीवला पोचलो असं समजू नका. घोघा भावनगरजवळ, दीवची ती घोघला, अजून बरीच लांब. या दोन नावांनी भल्याभल्यांना फसवलंय.

पहिल्या दिवशी किल्ल्यावर आम्ही चौघेच. दगडात खोदलेला खंदक, तीन बाजूंना पाणी, समोर पाण्यात बेटासारखा पाणीकोठा हा जलदुर्ग. पूर्वी मी इथे फक्त फोटो काढले होते. या वेळी पावसात कमानीखाली तासभर अडकलो आणि बरोबर नेलेलं पुस्तक उघडलं. त्यात जे वाचलं त्याने मला थेट सुरतेच्या चौक बाजारात आणून सोडलं.

पोर्तुगीज सरदार आंतोनियु द सिल्वेराने 1530 मध्ये सुरत आणि रांदेर लुटून जाळलं. पुढे हुमायूनच्या दबावाने घायकुतीला आलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने 1535 मध्ये पोर्तुगिजांना दीवला किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांनी तो सुलतान याच पाण्यात पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकीत बुडून मेला. 1538 मध्ये तुर्की आरमार नि गुजरातच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा आतला किल्लेदार कोण? तोच सिल्वेरा. आणि बाहेर गुजरातच्या बाजूने ख्वाजा सफर. वेढा फसला. तुर्कांनी मागे टाकलेली एक तोफ आजही जुनागढच्या उपरकोटावर आहे, नीलम नावाची.

हा ख्वाजा सफर म्हणजे खुदावंद खान, सुरतेचा किल्ला बांधणारा. पोर्तुगिजांच्या धाडींना आळा बसावा म्हणून 1540 च्या दशकात तापीच्या काठी त्याने तो उभा केला. 1546 मध्ये तो पुन्हा दीववर चालून गेला आणि याच तटाखाली तोफगोळ्याने मेला. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, जानेवारी 1664 मध्ये, शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा सुभेदार इनायत खान जिथे दडून बसला, तो किल्ला हाच. शाळेत आम्ही सुरतेची मोहीम पाठ केली, पण त्या भिंती कोणाच्या भीतीने उठल्या हे कुणी सांगितलं नव्हतं.

दीवचा 1546 चा तो वेढा उठवायला गोव्याहून आला पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द काश्त्रु. पडलेला तट पुन्हा बांधायला त्याच्याकडे पैसा नव्हता. त्याने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. आपल्याकडे मिशीचा केस गहाण ठेवल्याच्या गोष्टी सांगतात. हा गडी दाढीवर भागवून गेला.

बाकीचे दिवस भाड्याच्या सायकलवर. रस्त्याकडेला होका नावाचा ताड दिसतो. नारळ-माड सरळसोट वाढतात. याला मात्र फांदी फुटते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. म्हणून लोक याला रावणताडही म्हणतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणला असं गाइड ठोकून देतात. वनस्पतिशास्त्रज्ञ ही जात भारताच्या पश्चिम किनाऱ्याचीच मानतात. खाली पडलेलं एक फळ उचललं. विटकरी रंग, दगडासारखं टणक. दात लावला तर वरची साल चिवट, गोडसर. आतल्या कवचापुढे माझी दाढ हरली.

बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा. जून-जुलैत मासेमारी बंद. मासळीच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र धोक्याचा. त्यामुळे होड्या काठावर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या. एक म्हातारा खलाशी पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून फाटका भाग शिवत होता. एकेक गाठ मारायची, पट्टीवर मापायची, पुढची. विचारलं तर म्हणाला, ‘‘दरियो बंध छे, काम बंध नथी.’’ संध्याकाळी ताटात ताजं काही नव्हतं, सुके बोंबील होते. माझी तक्रार नाही.

फुदमचं गंगेश्वर शेवटच्या दिवशी. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, लाटा येऊन त्यांना न्हाऊ घालतात. मागच्या खेपेला भर भरतीत गेलो होतो आणि काहीच न दिसल्यामुळे चिडून परतलो होतो. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. गावातल्या कुणालाही विचारलं तरी ओहोटीची वेळ सांगतो. आम्ही तेवढंही विचारलं नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर एक करा. सुरतेचा किल्ला आता दुरुस्त होऊन बघण्याजोगा झालाय, चौक बाजारातच आहे. आधी तो बघा, मग हजिऱ्याची तिकिटं काढा.