वाँटेजचें मंदिर आणि आमचें केडगांव

इंग्लंडांतील एका लहान गांवच्या ख्रिस्तमंदिराचा इतिहास भवानीनगराकडील वाचकांनीं कां वाचावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर वाँटेज ह्या गांवाच्या हकीकतींत आहे.

एका मंदिराच्या व त्याच्या धर्मगुरूच्या देखरेखीखालीं असलेल्या मुलखास पॅरिश म्हणतात. वाँटेज हें पूर्वी बर्कशायरमधील व १९७४ पासून ऑक्सफर्डशायरमधील बाजाराचें गांव. आल्फ्रेड राजाचें जन्मस्थान म्हणून तें प्रसिद्ध आहे. तेथील संत पीटर व संत पॉल ह्यांच्या मंदिराचे कांहीं भाग तेराव्या शतकांतील आहेत. गेल्या शतकापूर्वीच्या शतकांत विल्यम जॉन बटलर हे तेथें धर्मगुरु असतां त्यांनीं १८४८ सालीं भगिनींचा मठ स्थापिला. मुलींचें शिक्षण व निराधार स्त्रियांची सेवा हें त्या भगिनींचें व्रत होतें.

ह्याच मठाच्या भगिनी पुढें पुण्यांत आल्या व पंडिता रमाबाईंशीं त्यांचा परिचय झाला. १८८३ सालीं रमाबाई लहानग्या मनोरमेस घेऊन वाँटेजला गेल्या. तेथें २९ सप्टेंबर रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. भगिनींनीं त्यांस लंडनमधील फुलम येथील आपला आश्रम दाखविला. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथें चाललेली सेवा पाहून रमाबाईंचें मन हेलावलें.

तथापि श्रद्धा स्वीकारिली म्हणून त्यांनीं विचार करणें सोडिलें नाहीं. त्रैक्याचा सिद्धांत व धर्मगुरूंचा अधिकार ह्यांविषयीं त्यांनीं भगिनी जेराल्डिन ह्यांस पत्रांतून रोखठोक प्रश्न केले. उभयपक्षीं मनें दुखावलीं. परंतु जेराल्डिनबाईंनीं तीं पत्रें जपून ठेविलीं. तीं १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतील उपाशी मुली व विधवा आणिल्या, आणि आमच्या बारामती-इंदापुरास लागून असलेल्या दौंड तालुक्यांत, केडगांव येथें, मुक्तिसदन उभें राहिलें. तेथील स्त्रिया विणकाम, शेती व छापखान्याचें काम शिकल्या. रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्याच छापखान्यांत छापिलें गेलें.

वाँटेजनें रमाबाईंस सेवेची दृष्टि दिली. पण त्यांस आपल्या सांच्यांत बसविणें तिला साधलें नाहीं. आम्हांस वाटतें, ह्यांतच दोघांचेंही कल्याण झालें. वाचकहो, बीं परक्या वाफ्यांतलें असलें तरी तें आपल्याच मातीच्या गुणानें वाढूं द्यावें, म्हणजे त्याची सावली आपल्या लेंकरांस मिळते.