ठपक्याची वाटणी

मराठीत आईवर लिहिलेलं कपाटात मावणार नाही, पण आईने स्वतःच्या मनाबद्दल सांगितलेलं एका फळीवर सहज बसेल. ‘श्यामची आई’ १९३५ साली आलं, १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि तेव्हापासून आई म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहते. पण ती मुलाच्या आठवणीतून उतरलेली आई आहे. तिला स्वतःला कधी पोरांचा वीट आला का, हे विचारायची त्या पुस्तकाला गरजच नव्हती. शाळेत भेटते ती हिरकणी. तान्ह्या लेकरासाठी रायगडाचा कडा उतरून गेली म्हणून आपण तिचं कौतुक करतो, पण एका बाळंतिणीसाठी गडाचा दरवाजा का उघडला नाही, हे वर्गात कुणी विचारत नाही. समुपदेशकही याच गोष्टींवर वाढलेले असतात. समोरची बाई म्हणते, ‘कधीकधी वाटतं, हे पोर झालंच नसतं तर बरं झालं असतं.’ त्यावर घाईघाईने उत्तर येतं, ‘नाही हो, तुम्ही खूप चांगल्या आई आहात.’ माझं भांडण या एका उत्तराशी आहे. ते वाटतं धीराचं. पण ऐकणारीला त्यातून एवढंच कळतं, की हे इथेही बोलायचं नसतं. अपराधीपणा पुसून टाकायची घाई करू नये. आधी बाईला मुलाबद्दलच्या दोन्ही भावना एका दमात बोलू द्याव्यात आणि मग ठपका सगळ्यांना सोडून हिच्याच वाट्याला कसा आला, ते तिच्याबरोबर बसून पाहावं. आणि हे शिकायचं असेल तर मावळ-मुळशीच्या जात्यावरच्या ओव्यांसारखी दुसरी शाळा नाही, असं मी गेली कित्येक वर्षं म्हणत आलो आहे.

शास्त्राला यातलं काही ठाऊक नाही, असं नाही. विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९४९ मध्येच आईला आपल्या तान्ह्याचा तिरस्कार का वाटू शकतो याची अठरा कारणं लिहून काढली. तो निबंध होता मानसोपचारकांसाठी. आई हा तिरस्कार बाळावर न उगवता सोसू शकते. मग उपचारकाला रुग्णाबद्दलचा स्वतःचा वैताग ओळखून सोसता आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यातली यादी सगळ्यांच्या लक्षात राहिली, उपचारकाला घातलेली अट मात्र विसरली गेली. रोझिका पार्कर या ब्रिटिश मानसोपचारक लेखिकेने १९९५ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. प्रेम आणि राग एकत्र नांदणं हा आजार नव्हे. आईला ते स्वतःशी कबूल करता आलं तर मूल तिला अधिक स्पष्ट दिसतं. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ पद्धत आणली, आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्याला मानसिक आरोग्याची संस्था उभी केली, आणि ‘मी असं वागायलाच नको होतं’ या हट्टाला प्रश्न विचारायची सवय मराठी माणसाला लागली. हे ऋण मोठं आहे.

पण याच व्यवसायाने आयांवर ठपके ठेवण्यातही कसर केलेली नाही, हे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. १९४८ मध्ये फ्रिडा फ्रॉम-राइखमनने मुलाच्या स्किझोफ्रेनियाचं मूळ आईच्या वागण्यात दाखवलं. मग स्वमग्न मुलांच्या आया थंड काळजाच्या ठरल्या. बेटेलहाइमने १९६७ मध्ये त्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. बर्नार्ड रिमलंड या स्वतः स्वमग्न मुलाचा बाप असलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच ही कल्पना खोडून काढली होती, तरी ती पुढे कित्येक वर्षं टिकली. ज्या विद्येच्या पदरी हा इतिहास आहे, तिच्याकडे आई आधीच खालमानेने येते. तिथे ‘तुमचं बालपण कसं होतं?’ हा निरागस प्रश्नसुद्धा उलटतपासणीसारखा ऐकू येतो.

आता मावळात या. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आहे, आणि ती रेणुकेचं रूप मानली जाते. रेणुकेची कथा सगळ्यांना पाठ आहे: पाणी आणायला गेलेल्या बाईचं मन क्षणभर ढळलं आणि बापाच्या आज्ञेवरून पोटच्या पोराने तिचं मस्तक उडवलं. तिने केलं काहीच नव्हतं, फक्त मनात आलं होतं. मनात आलेल्याला केल्याची शिक्षा, हे आईच्या अपराधीपणाचं नेमकं वर्णन आहे. त्याच डोंगराच्या आसपास गेल्या काही दशकांत गर्भसंस्कारांचं मोठं केंद्र उभं राहिलं. कार्ल्याजवळचं आत्मसंतुलन व्हिलेज, बालाजी तांबे यांचं घरोघर पोचलेलं पुस्तक, लोणावळ्याचं मनशक्ती केंद्र. पुण्या-मुंबईची जोडपी तिथे मोठ्या श्रद्धेने जातात. या सगळ्यामागचा हेतू मला वाईट वाटत नाही. गरोदर बाईला विसावा मिळावा, चांगलं खायला मिळावं, नवऱ्याने तिच्याजवळ बसावं, यात खोट कसली? पण आईच्या चांगल्या विचारांनी मूल तेजस्वी होतं, असं एकदा मानलं की त्याची दुसरी बाजूही गळ्यात येते. मूल उशिरा बोलू लागलं, फिट येऊ लागली, सेरेब्रल पाल्सी निघाली, तर ते कुणाच्या विचारांनी? पुस्तकात हे लिहिलेलं नसतं. आई ते स्वतःच वाचून घेते. सातव्या महिन्यात सासूशी कडाक्याचं भांडण झालं होतं, त्या रात्री आपण रडलो होतो, हे ती पाच वर्षांनी समुपदेशकाला पुराव्यासारखं सांगते.

याच्याशी सटवाईची तुलना करून पाहावी. सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते. ते आईलाही वाचता येत नाही. मी सटवाईचा प्रचारक नाही. त्या समजुतीपायी कितीतरी आजारी मुलं दवाखान्यात वेळेवर पोचली नसतील. पण तिने एक काम चोख केलं: मुलाच्या नशिबाचा लेखक आई नव्हे, असं ठरवून टाकलं. आपण सटवाईला घालवलं ते बरंच झालं. फक्त तिची लेखणी मुकाट्याने आईच्या हातात दिली, हे आपल्या ध्यानात आलं नाही.

ओवीने मात्र ठपका देवावरही टाकला नाही आणि एकट्या आईवरही ठेवला नाही. तिने तो वाटून घेतला. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांबरोबर मुळशी-मावळच्या डोंगरवस्त्यांतून १९८० च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली. ते काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या झाल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर लावल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाने त्यातल्या निवडक ध्वनिमुद्रणांसह लोकांपुढे आणल्या. लोकसाहित्याच्या मंडळींनी त्यात छंद आणि दैवतं शोधली, चळवळीतल्यांनी शोषण. दोघांचंही खरं. पण यात समुपदेशकाला जे सापडतं, ते दोघांच्याही हातून निसटलं.

पहिली गोष्ट बसण्याची. पहाटेचा अंधार, जात्याच्या एका खुंट्यावर दोघींचे हात, नजर घासाकडे. एकमेकींच्या तोंडाकडे पाहायचं नाही, आणि घरघरीत अर्धे शब्द बुडून जातात. ज्या दोघी कदाचित आयुष्यभर डोळ्याला डोळा भिडवून बोलणार नाहीत, त्या इथे बोलतात. आपल्या समुपदेशनाच्या खोलीत मात्र समोरासमोर खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा आणि डोळ्यांत पाहत राहण्याचं प्रशिक्षण. पवन मावळातून आलेली बाई अशा खोलीत गप्प बसली, की आपण फाइलमध्ये ‘सहकार्य नाही’ असं लिहितो. दुसरी गोष्ट, ओवीचा ‘मी’ कुणा एकीचा नसतो. एकीने गायलेली ओवी दुसरी उचलते, गाव बदलते, लेकीचं नाव बदलते. त्यामुळे ‘लेक झाली आणि माझं तोंड उतरलं’ हे सांगणं कबुलीजबाब होत नाही. ते आधीच कितीजणींनी सांगून ठेवलेलं असतं. अपराधीपणाची खरी धार ‘मलाच असं वाटतं’ यात असते, आणि ओवी नेमकी तीच बोथट करते, तेही कुणी कुणाची समजूत न घालता. तिसरी गोष्ट सीतेची. वनात एकटी बाळंत झालेली, कुणी विचारायला नाही अशी सीता या बायकांनी पुनःपुन्हा गायली. सीतेच्या नावाने आपल्या नवऱ्याला, सासूला आणि कधीकधी आपल्या आईलाही बोलून घेतलं. कसलेला समुपदेशक ‘तुमच्या मैत्रिणीला असं झालं असतं तर?’ असं विचारून जे साधू पाहतो, ते यांना सीतेने दिलं होतं. आणि चौथी, मला सर्वांत मोलाची: लेकीला वाईट घरी दिल्याच्या ओव्या. त्यात आई स्वतःला सोडत नाही, पण एकटीच उभीही राहत नाही. बाप, भाऊ, सोयरीक जुळवणारा, सासरच्यांचा नावलौकिक, सगळे एकेक करून येतात आणि ज्याचा त्याचा वाटा घेऊन जातात. हिशेब इतका नेटका, की कुठल्याही कौटुंबिक उपचारपद्धतीच्या पाठ्यपुस्तकाने मान खाली घालावी.

यावर आक्षेप ठरलेला आहे आणि तो गेल्या पंचवीस वर्षांत बदललेला नाही: हे सगळं दळणारीच्या कष्टांचे गोडवे गाणं आहे, ओव्या गाऊन कुणाचा सासुरवास सुटला? सुटला नाही, मान्य. पण ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या, त्यांतल्याच काहींनी संघटना चालवली, मोर्चे काढले. वाफ जाऊ दिली की माणूस थंड होतो, हे गृहीतक या बायकांनी तरी खरं केलं नाही. आणि जातं परत आणा, असं कोण म्हणतं? गिरणीने बायकांचे खांदे वाचवले. मला हवी ती फक्त त्या बोलण्याची रचना.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञ तो घेतात ते योग्यच. आईच्या रागाला अशी मोकळीक दिली तर बाळाचं काय? इथे सीमा स्पष्ट हव्यात. बाळंतपणानंतरच्या दिवसांत बाई झोपेनाशी झाली, तिला आवाज ऐकू येऊ लागले, बाळात काही दुष्ट शिरलंय असं ती म्हणू लागली, तर ते ऐकत बसायचं काम नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पण ‘माझ्या हातून सुरी लागेल की काय’ या विचाराने हादरून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या लपवणारी आई वेगळी. नको असलेले असे विचार नव्या आयांच्या मनात सर्रास येतात, आणि ज्या अर्थी ती घाबरते त्या अर्थी ते तिच्या इच्छेविरुद्ध आहेत. हा फरक बाई मोकळी बोलली तरच कळतो. तिला गप्प केलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ ची एडिंबरा प्रश्नावली आता सगळीकडे वापरतात. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा, आणि तो विचारलाच पाहिजे. तिसरा प्रश्न आहे विनाकारण स्वतःला दोष देण्याबद्दलचा. ज्या आईला आपला दोष सकारणच वाटतो, ती तिथे बिनदिक्कत ‘नाही’वर खूण करते, आणि बेरजेत ती निरोगी निघू शकते.

तिसरा आक्षेप कडक शिस्तीच्या मंडळींचा: काही अपराधीपणा रास्तच असतो, पोराला चटका देणाऱ्या आईला कसली वाटणी सांगता? तिलाही सांगायची, पण तिचा वाटा वजा न करता. एलिसच्या परंपरेत कृतीची खंत आणि स्वतःचा धिक्कार वेगळे काढतात, ते इथे उपयोगी पडतं. खंत असलेली आई मुलाची माफी मागू शकते आणि मदत घेऊ शकते. स्वतःला राक्षसीण ठरवलेली आई मुलाकडे पाहायचंच टाळते आणि मग पुन्हा मारते. वाटणी म्हणजे सुटका नव्हे. गोव्यात पटेल, रॉड्रिग्ज आणि डिसोझा यांनी २७० आयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला; बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, यांचा त्यात मोठा हात होता. यांतलं एकही कारण आईच्या स्वभावात बसत नाही. तरी उपचार मात्र तिच्या विचारांवर सुरू होतात.

आजच्या मावळात हा विचार अधिक लागतो. आंदर मावळातली बाई लोणावळ्याच्या बंगल्यावर शनिवार-रविवारी पाहुण्यांची पोरं सांभाळते आणि तिचं स्वतःचं पोर वस्तीवर आजीकडे असतं. तळेगावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे असलेली आई पाळीला जाताना घरचं दार बाहेरून ओढून घेते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, पण ठेकेदाराच्या यादीत ती कुठे मोजली जाते ते बघायला कुणी जात नाही. एसटी स्थानकात हिरकणी कक्ष झाले. गडाचा दरवाजा अजून संध्याकाळी बंदच होतो. आणि हिला मदत करायला निघालेले आमचे नवे समुपदेशक सहा शनिवारांचा अभ्यासक्रम करून, इंग्रजी तक्ते मराठीत पाठ करून येतात. तक्त्यात ‘चुकीचा विचार’ आणि ‘योग्य विचार’ असे दोन रकाने. ‘मी पोराला टाकून जाते’ हा पहिल्या रकान्यात जातो. पण ती खरंच टाकून जाते. चूक विचारात नाही, पाळणाघर नसण्यात आहे. पूर्वीचे उपचारक फार थोर होते असं नाही, पण प्रकरण घेऊन वरिष्ठांपुढे बसायची, आपल्याला त्या बाईचा राग का आला ते सांगायची रीत तरी होती. आता वरिष्ठांना वेळ नसतो आणि कनिष्ठांना गरज वाटत नाही.

वेळ कुठे आहे, हा शेवटचा आक्षेप. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाच मिनिटं मिळतात. मग पाच मिनिटांच्या डॉक्टरकडे हे काम देऊच नये. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने शेजारच्या साध्या बायकांना शिकवून नैराश्यातल्या गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा फायदा मोठा नव्हता, पण होता. मावळात आशाताई २००५ नंतरच्या योजनेपासून घरोघर जातातच. त्यांच्या प्रशिक्षणात एक दुपार ओव्यांच्या ध्वनिमुद्रणांना द्यावी. ऐकून झाल्यावर एकच विचारावं: या बाईने कुणाकुणाचा वाटा सांगितला आणि कुणाचा सांगायचा राहिला? पुढच्या भेटीत हाच प्रश्न घरकाम करत असलेल्या बाळंतिणीला, तिच्याबरोबर काम करता करता विचारावा. ‘तुम्ही चांगल्या आई आहात’ हे मात्र तिने स्वतः म्हटल्याशिवाय कुणी म्हणू नये.