बेटावरच्या पाण्याचा जमाखर्च

हवाई बेटांच्या मूळ भाषेत पाण्याला ‘वाय’ म्हणतात आणि संपत्तीला ‘वायवाय’. पाणी दोनदा उच्चारलं की श्रीमंती! शब्दांच्या मागे लागलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा शब्द भेटला आणि मग तिथले लोक या संपत्तीचा हिशेब कसा ठेवतात, तेही पाहावंसं वाटलं.

ही बेटं ज्वालामुखीच्या खडकाची. पावसाचं पाणी सच्छिद्र खडकातून झिरपतं आणि खाली समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर जाऊन थांबतं. गोडं पाणी वजनाला हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. त्याचं साधं गणित असं : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी असतं. पण हेच गणित उलटंही चालतं. उपसा वाढून वरची पातळी १ फूट उतरली, की खालून खारं पाणी हळूहळू ४० फूट वर सरकू लागतं. विहीर भरलेली दिसते, पण पाणी मचूळ. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणूनच तिथे मोजणीला महत्त्व आहे. हवाईने १९८७ साली जलसंहिता केली आणि पाण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. विहिरीतून किती उपसलं, ओढ्यातून किती वळवलं, हे वापरणाऱ्यानेच मोजून, साधारणपणे दर महिन्याला, आयोगाला कळवायचं असतं. विहिरींच्या बाबतीत पाण्याची पातळी आणि क्षारांचं प्रमाणही पाहिलं जातं. कारण क्षार वाढणं ही धोक्याची पहिली घंटा. प्रत्येक भूजलसाठ्यातून रोज किती पाणी काढलं तर तो टिकेल, तो आकडाही ठरलेला आहे. माउई बेटावरच्या इयाव साठ्याची ही मर्यादा रोज २ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात कोटी लिटर. उपसा या मर्यादेच्या जवळ जाऊ लागला, तेव्हा २००३ साली तिथे परवाना सक्तीचा झाला.

ओढ्यांची कथा याहून कडू आहे. माउईवर वायहेए, वायएहू, वायलुकू आणि वायकापू असे चार प्रवाह आहेत. त्यांना मिळून ‘ना वाय एहा’, म्हणजे ‘चार पाणी’ म्हणतात. त्यांच्या वाहत्या, गार पाण्यावर तिथले शेतकरी ‘कालो’ पिकवत. कालो म्हणजे आपलं अळूच. ते त्याचे कंद खातात. एकोणिसाव्या शतकात उसाचे मळे आले, पाट खोदले गेले आणि प्रवाहांचं पाणी मळ्यांकडे वळलं. खालच्या अंगाला ओढ्याचं पात्र कोरडं पडू लागलं. अळूची खाचरं ओस पडली.

पाणी कोणाचं, हा वाद कोर्टात गेला. ओआहू बेटावरच्या एका पाटाच्या खटल्यात २००० साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पाणी ही सर्वांची ठेव आहे आणि सरकार तिचं विश्वस्त. पाणी वळवणाऱ्याने आपली गरज सिद्ध करायची. माउईचे शेतकरीही लढत राहिले. २०१० चा आयोगाचा निर्णय आणि २०१४ ची तडजोड यांनंतर चारही प्रवाहांत काही पाणी पुन्हा सोडलं गेलं. या लढाईत त्यांच्या बाजूने भावना होती, परंपरा होती. पण किती पाणी येतं, किती वळवलं जातं आणि खाली किती उरतं, या आकड्यांशिवाय ती पुरी पडली नसती.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पातळी त्यामुळे कळते. कोणी किती उपसलं, हे मात्र बहुतेक ठिकाणी अंदाजावरच. पाणी खाली गेल्याची झळ सगळ्यांना लागते, पण हिशेब कोणालाच विचारता येत नाही. ज्याचा पंप मोठा, त्याला ही न मोजण्याची सोय नेहमीच परवडते. कोरडी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ती कधीच परवडत नाही.