राखीव जागा आणि विभक्त मतदारसंघ

ब्रिटिशांच्या १९०९च्या कायद्याने मुसलमानांना कायदेमंडळांत राखीव जागा मिळाल्या, असे सर्रास लिहिले जाते. हे अर्धेच खरे आहे. राखीव जागेवर उमेदवार ठरावीक समाजाचा असतो, मत मात्र सगळेच देतात. विभक्त मतदारसंघात (ज्यात मतदारयादीच धर्मानुसार वेगळी असते) मतही त्याच समाजाने द्यायचे.

सोसायटीच्या कार्यकारिणीत एक जागा वरच्या मजल्यासाठी ठेवली आणि निवड सगळ्या इमारतीने केली, तर ती राखीव जागा. फक्त वरच्या मजल्यानेच मत दिले, तर तो विभक्त मतदारसंघ. पहिल्या उमेदवाराला तळमजल्याचीही मनधरणी करावी लागते, दुसऱ्याला नाही. १९०९मध्ये मुसलमानांना मिळाले ते हे दुसरे; त्याची मागणी आधीच झाली होती.

१ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखानांच्या नेतृत्वाखालील मुस्लिम शिष्टमंडळ सिमल्यात व्हाइसरॉय मिंटोंना भेटले. संयुक्त मतदानात निवडून येणारा मुसलमान बहुसंख्याकांच्या मर्जीतला असेल, आमचा खरा प्रतिनिधी नसेल, असे त्यांचे म्हणणे होते. ही भीती समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. १९१६च्या लखनौ करारात काँग्रेसनेही विभक्त मतदारसंघांची पद्धत मान्य केली, आणि टिळक त्या कराराच्या बाजूने ठामपणे उभे राहिले.

सगळे मुस्लिम नेते विभक्त मतदारसंघांच्या मागणीला अखेरपर्यंत चिकटून राहिले, हाही गैरसमजच. मार्च १९२७मध्ये दिल्लीत जिनांसह अनेकांनी विभक्त मतदारसंघ सोडायची तयारी दाखवली. बदल्यात त्यांना राखीव जागा, केंद्रीय कायदेमंडळात एक तृतीयांश वाटा आणि मुंबई इलाख्यातून वेगळा सिंध हवा होता. सिंध १९३६मध्ये वेगळा झाला. विभक्त मतदारसंघ मात्र १९४६च्या निवडणुकीतही कायम होते.