ठिपक्याची जागा: गेलेल्या कुत्र्यासाठी सावलीतली बाग कशी करायची

ऐकायला वेळ नसेल किंवा रोपांची नावं लिहून घ्यायची असतील, तर आजचा एपिसोड इथे वाचा. बोलताना माझ्या तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्चुअली' तेवढे गाळलेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

विषय असा: घरातलं जनावर गेल्यावर त्याच्या आठवणीत एक छोटी, थोडी गमतीशीर बाग कशी करायची, आणि तीही सावलीत, जिथे 'काही उगवत नाही' असं सगळे सांगतात.

साताऱ्याला आमच्या घरी ठिपक्या होता. गावठी कुत्रा, पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके. मी दहावीत असताना आला, १३ वर्षं राहिला आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत किडनीच्या आजाराने गेला. मी नोकरीसाठी पुण्यात, आई-बाबा साताऱ्यात. तो गेल्यावर घरात एक बदल झाला, तो मला फोनवर कोणी सांगितला नाही, सुट्टीत गेल्यावर दिसला. मागचं दार बंद असायचं. रोज सकाळी ते दार बाबा उघडायचे, ठिपक्यासाठी. तो नाही, तर उघडायचं कशाला? परसात आंब्याचा पाचोळा साठला होता आणि त्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं.

त्यात लोक म्हणतात, "कुत्राच होता ना, दुसरा आणा." अशा वेळी मला आतकूरचा दगड आठवतो. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला दहाव्या शतकातला, साधारण इ.स. ९५० चा एक वीरगळ सापडला. काळी नावाचं शिकारी कुत्रं रानडुकराशी लढताना मेलं, त्याच्यासाठी तो उभारलेला आहे. त्या दगडाच्या पूजेसाठी जमीनही लावून दिल्याचं त्यावर कोरलंय. लेखात नाव येतं ते राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाचं, म्हणजे वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्याने कोरवलं, त्याच घराण्याचं. हजार वर्षांपूर्वी लोकांना एका कुत्र्यासाठी जमीन द्यावीशी वाटली. आपण चार कुंड्या मांडल्या तर त्यात वेडेपणा काय?

आधी फोनची गॅलरी उघडा

बागेची जागा ठरवायला बहुतेक लोक मोजपट्टी घेतात. मी गॅलरी घेतली. फोनमधल्या प्रत्येक फोटोच्या माहितीत तारीख आणि वेळ असते. गॅलरीच्या सर्चमध्ये 'डॉग' टाकलं, ठिपक्याचे परसातले फोटो वेगळे काढले आणि एका शीटमध्ये तीन रकाने केले: महिना, वेळ, तो कुठे झोपलाय. काही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले होते. त्यांत मूळ वेळ राहत नाही, म्हणून ते सोडून दिले.

शीट भरल्यावर एक मजेशीर गोष्ट दिसली. थंडीत सकाळी तो उन्हात, तुळशीच्या कट्ट्याशी. ऑक्टोबर आणि मार्चच्या दुपारी घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत. पण मे महिन्याच्या दुपारी ती भिंत सोडून थेट आंब्याखाली, धुण्याच्या दगडाशेजारी. दर वर्षी हेच.

त्याचं कारण आकाशात आहे. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. झिरो शॅडो डे म्हणतात तो हाच. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात गार असलेल्या उत्तरेच्या भिंतीशी मेमध्ये सावलीच उरत नाही. झाडाखालची सावली मात्र टिकते. शिवाय पानांतून पाण्याची वाफ होत राहते, त्यामुळे आजूबाजूची हवाही थोडी निवते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून आणि पोटाचा कमी केसांचा भाग गार जमिनीला टेकवून अंग थंड करतो. वरची तापलेली माती उकरून खड्डा करतो तोही त्यासाठीच. आई ज्या खड्ड्यावरून त्याला रोज ओरडायची, ती जागा आमच्या परसातली सगळ्यात गार जागा होती.

थोडक्यात, तुमच्या कुत्र्याने किंवा मांजराने सावलीचा सर्व्हे आधीच करून ठेवलाय. आपण फक्त तो वाचायचा.

मग उजेड मोजा

फोनमध्ये लक्स मीटरचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. आकडा अगदी अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. एका रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दर दोन तासांनी फोन जमिनीवर स्क्रीन वर करून ठेवा. भर उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो. आमच्या आंब्याखाली दुपारी बारा वाजता तो तीन-चार हजार होता, आणि फांद्यांमधून कवडसे पडतात तिथे दहा हजारांच्या पुढे. मोगरा, गुलाब, झेंडू तीन हजारांत फुलत नाहीत. पण जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणाऱ्या रोपांना एवढा उजेड चालतो. आपली यादी तिथूनच सुरू होते.

रोपं कोणती, आणि कोणती नाहीत

इथे एक अट लक्षात ठेवा. बाग जनावराच्या आठवणीत आहे, म्हणजे तिथे दुसरी जनावरं येणारच. आमच्याकडे गल्लीतली एक मांजर येते, ठिपक्या जिच्यावर आयुष्यभर भुंकला तीच. सावलीसाठी नर्सरीवाला पटकन हातात देतो ती बरीच रोपं चावली तर त्रास देतात. मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली, डिफेनबॅकिया, कॅलेडियम यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यांनी तोंड आणि घसा जळजळतो, लाळ गळते. स्नेक प्लांटनेही उलट्या होतात. खऱ्या लिलीच्या जाती मांजरांची किडनी निकामी करू शकतात, आणि सायकस कुत्र्यांच्या लिव्हरला घातक आहे. ही दोन घरात आणूच नका.

आमच्या बागेत आहेत ती ही:

- नेचे: बोस्टन फर्न आणि हंसराज. हंसराजाला ओल सतत हवी, म्हणून तो पाण्याच्या सगळ्यात जवळ.
- अ‍ॅस्पिडिस्ट्रा: हळू वाढतं, पण अंधार आणि दुर्लक्ष दोन्ही सोसतं. मागचा कोपरा त्याला.
- स्पायडर प्लांट: कडेने लावा. त्याची पिल्लं लोंबतात, ती तोडून शेजाऱ्यांना द्या.
- मरांटा: हिची पानं संध्याकाळी हात जोडल्यासारखी उभी मिटतात आणि सकाळी पुन्हा आडवी होतात. देठाशी फुगीर सांधा असतो, त्यातल्या पाण्याचा दाब बदलला की पान हलतं. कोरड्या उन्हाळ्यात कडा करपतात, तेव्हा आसपास ओल ठेवा.
- पोल्का डॉट प्लांट: पानांवर ठिपके. हे का घेतलं ते सांगायला नकोच. याला कवडशांची जागा द्या, फार अंधारात ठिपके फिके पडतात. शेंडे खुडत राहा, म्हणजे झुडूप भरगच्च होतं.
- तेरडा: सावलीच्या कडेला, जिथे सकाळचं ऊन येतं. पावसाळ्यात फुलतो, गौरीला लागतो, आणि पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की बिया टपकन उडतात.

नेचे आणि ऑर्किड कास-महाबळेश्वरच्या जंगलातून उपटून आणू नका. नर्सरीत मिळतात. माझा रोपं, मडकी, खत धरून सगळा खर्च ३,००० रुपयांच्या आत झाला.

झाडाखाली खोदताना

आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. सगळी जमीन फावड्याने उकरली तर झाड दुखावतं. खुरप्याने एकेका रोपापुरता खळगा करा. जाड मूळ लागलं तर जागा बदला. खोडाला माती चढवू नका, बुंधा सडतो. मुळांची फारच दाटी असेल तर कुंड्याच ठेवा.

झाडाखालची दुसरी अडचण कोरडेपणा. पाऊस फांद्या अडवतात आणि उरलेलं पाणी झाड पितं. यावर जुना उपाय आहे. बिनचकाकीचं साधं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाणी भरा, वर झाकणी ठेवा. आजूबाजूची माती कोरडी झाली की पाणी आपोआप झिरपतं. उन्हाळ्यात आम्ही ते तीन-चार दिवसांनी भरतो. वाळलेला पाला चुरून दोन-तीन इंचांचा थर पसरला की ओल आणखी टिकते.

रक्षा, दफन आणि माती

यावर कोणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून बोलतो. ठिपक्याचं दहन केलं होतं आणि रक्षा आम्ही मडक्यात आणली. रक्षा म्हणजे खत नाही. तिच्यात क्षार जास्त असतात आणि ती अल्कधर्मी असते, त्यामुळे रोपाच्या मुळाशी ढीग घातला तर रोप जळतं. मूठभर रक्षा पाटीभर माती आणि शेणखतात नीट मिसळा आणि मोठ्या जागेवर पसरा.

दफन करायचं असेल तर आधी स्थानिक नियम विचारा. जागा स्वतःची हवी, विहीर आणि बोअरपासून लांब हवी. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आणि वर किमान तीन फूट माती येऊ द्या. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांत केलं असेल तर दफनाबद्दल त्यांना जरूर विचारा. ते औषध शरीरात बराच काळ टिकतं आणि कोणी उकरून खाल्लं तर त्यालाही मारू शकतं.

आता गंमत

आठवणीची बाग म्हटलं की संगमरवरी पाटी डोळ्यांपुढे येते. ठिपक्याला ती शोभली नसती. त्याने कुरतडलेला माझा एक स्पोर्ट्स शू आईने ठेवून दिला होता. तळाला भोकं पाडली, माती भरली, त्यात स्पायडर प्लांटचं पिल्लू लावलं. त्याच्या पट्ट्याचं घुंगरू खालच्या फांदीला बांधलंय, वारा आला की वाजतं. चेंडू सगळे एका तारेच्या टोपलीत. जेवणाची स्टीलची थाळी आता पक्ष्यांना पाणी प्यायला आहे. तिचं पाणी रोज बदलायचं, कारण आठवडा-दहा दिवस साचलं तर डेंग्यूचे डास तयार होतात.

दिवा लावायचा असेल तर एक टेक्निकल गोष्ट: खांबावरच पॅनल असलेले सोलर दिवे सावलीत चार्ज होत नाहीत. पॅनल वायरने वेगळं असलेला दिवा घ्या, पॅनल उन्हातल्या भिंतीवर लावा. एकच, पिवळसर पुरे. रात्री किड्यांनाही अंधार हवा असतो.

आणि त्याने उकरलेला खड्डा? तो तसाच ठेवलाय. मधोमध, रिकामा. नर्सरीवाला म्हणाला होता, "इथे एखादं मोठं रोप येईल." येईलही. पण बाकीची बाग त्या जागेभोवती आहे. तुम्ही करणार असाल तर एवढं एकच माझं ऐका: त्याची आवडती जागा भरून टाकू नका, तिच्या कडेने लावा. पावसाळ्यात आमच्या खड्ड्याच्या काठाला शेवाळ धरतं. मे महिन्यात भर दुपारी ती मांजर त्यात पाय ताणून झोपते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

तीन कुंड्यांतही हेच जमतं. गॅलरीत किंवा खिडकीशी तो जिथे बसायचा तिथला उजेड मोजा, एक नेचं, एक मरांटा, एक स्पायडर प्लांट आणा आणि बसायची फरशी मोकळी ठेवा.

लोक म्हणतात, तेरड्याचा रंग तीन दिवस. जनावरासाठी केलेलं दुःखही तसंच असतं असं त्यांना वाटतं. आमच्याकडचा तेरडा गेल्या पावसाळ्यात फुलला, बोंडं फुटली, संपला. यंदा जूनमध्ये कोणी न लावता पुन्हा उगवलाय, धुण्याच्या दगडाच्या फटीतसुद्धा. आई म्हणते, उपटायचा नाही.

मागचं दार आता रोज साडेसहाला उघडतं. थाळीतलं पाणी बदलायचं असतं, ते काम बाबांनी आपणहून घेतलंय. ठिपक्याबद्दल ते अजूनही फार बोलत नाहीत. परवा फोनवर फक्त म्हणाले, "पोल्का डॉटला नवीन पानं आलीत. ठिपके चांगले उमटलेत."

तुमच्या घरात असं कोणी होतं का? त्याचं नाव आणि त्याची आवडती जागा, दोन्ही कळवा. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला ती नावं वाचून दाखवणार आहे. भेटू!